डावीकडचा मधला खांब

"काका, इथं काम झालंय," कृष्णकांत मिस्त्री म्हणाला, आणि मोशे आपटेकरला इतका आनंद झाला की तो लपवायला त्याला चष्मा काढून विनाकारण पुसावा लागला. गाडीचं पुढचं डावं दार सताड उघडं होतं. पुढच्या आणि मागच्या दारांच्या मधे जो खांब असतो, दार मिटलं की ज्यात जाऊन अडकतं, त्या खांबावर मिस्त्रीनं अंगठा टेकवला होता. छातीच्या उंचीवर, चंदेरी रंगात, तळहातापेक्षा थोडी लहान अशी एक जागा मंद झाली होती. डाग म्हणावा तर डाग नव्हे. तेवढ्या भागाची चकाकी गेली होती, बस्स. "बंपर बदलला, दार बदललं, चालतं. गाडीला लागतंच काही ना काही. पण हा खांब म्हणजे बरगडी. साइडनं कुणीतरी दिलेली असणार, मग ठोकून सरळ केलेली. अजून नक्की नाही बोलत मी," मिस्त्री म्हणाला. मोशेनं नुसतं "हं" केलं. नक्की नसलं तरी त्याचं भागणार होतं. सकाळपासून तो जे शोधत होता ते सापडलं होतं, आणि आता बायकोला, रेबेकाला, सांगायला एक सरळ, यांत्रिक, कुणालाही पटेल असं कारण त्याच्या हाताशी होतं. बरगडी मोडलेली गाडी आहे, घेता येत नाही. त्यात भावाचा संबंध येत नव्हता, रागाचा येत नव्हता, आईचा तर मुळीच येत नव्हता.

गाडी एलियाहूची होती, म्हणजे मोशेच्या धाकट्या भावाची. महिन्यापूर्वी तो उलव्याचा फ्लॅट आवरून इस्राएलला, मुलीकडे, अश्दोदला निघून गेला, कायमचा. जाताना भेटायला आला नाही. येण्याची सोयच मोशेनं ठेवली नव्हती. आईच्या दफनाच्या दिवशी कबरीच्या दोन बाजूंना दोघं उभे होते आणि मधे मातीचा ढीग, एवढंच काय ते जवळ येणं. त्यालाही आता पाच वर्षं झाली. आणि अचानक परवा निकेशचा फोन. निकेश म्हणजे ज्याच्या वडिलांच्या भातखाचरावर एलियाहूची इमारत उभी राहिली तो उलव्याचा तरुण. आता त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, आणि चाव्या एलियाहूनं त्याच्याकडेच ठेवल्या होत्या. "काका, एलूकाकांनी सांगितलंय, गाडी दादाला दे. त्यांला नको असंल तरच दुसऱ्याला द्यायची. किंमत तुमी बोलाल ती. शनवारी घेऊन येऊ का?" शनिवार हा आम्हा ज्यूंचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, तेव्हा आम्ही गाडी बघतही नाही आणि घेतही नाही, असं मोशेनं तुसडेपणानं सांगितलं, आणि रविवार ठरला. फोन ठेवल्यावर तो रेबेकाला म्हणाला होता, नको म्हणून कळवून टाकतो. रेबेकाचा उजवा गुडघा दिवाळीत बदललेला. रिक्षात चढायचं म्हटलं की तिच्या तोंडावर घाम यायचा. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, आधी बघा तरी. माणसाशी बोलू नका हवं तर, गाडीशी काय वैर आहे?" मग मोशेनं मनाशी असं ठरवलं की गाडी मिस्त्रीकडून अगदी खिळा न् खिळा तपासून घ्यायची, आणि ती वाईट निघावी. चांगली निघाली तर एलियाहूला फोन करून "घेतो" म्हणावं लागणार होतं. एकदा ते म्हटलं की पुढची सगळी वाक्यं आपोआप मागून येतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचीच त्याला भीती वाटत होती.

तपासणं हा त्याचा पिंडच. चौतीस वर्षं तो वजनमापे खात्यात निरीक्षक होता. पनवेलच्या बाजारातल्या एकूण एक वाण्याचा, मासळीवालीचा, सोनाराचा तराजू त्यानं तपासलेला. पितळी वजन हातात घेतलं की खरं-खोटं काट्यावर ठेवायच्या आधी त्याला कळायचं. लोक त्याला भीत, आणि लोक भितात हे त्याला आवडायचं. निवृत्त झाल्यावर आपल्याला नेमकं काय चुकल्यासारखं वाटतं याचा शोध घेताना त्याला हे कळलं होतं आणि थोडी लाजही वाटली होती. आता मिस्त्री बॉनेट उघडून वाकला, तसा तोही शेजारी वाकला. तेलाची पट्टी काढली, पुसली, बुडवली, पुन्हा काढली: तेल मधाच्या रंगाचं. तेलाच्या झाकणाला आतून पांढरा साका असतो का बघितला, नव्हता. गाडी चालू करून मागे धूर बघितला, धूर नव्हता. डिकीतली स्टेपनी उचलून खालचा पत्रा बघितला, कारण उलव्याला खाडीचं वारं आणि बांधकामांची धूळ, तिथं गाड्या खालून सडतात म्हणे. पत्रा स्वच्छ. दारांची रबरं सोलून आतले कंपनीच्या वेल्डिंगचे गोल टाके मोजले, जागच्या जागी. प्रत्येक वेळी मिस्त्री "ओके" म्हणायचा आणि प्रत्येक ओकेबरोबर मोशेचा थोडा हिरमोड व्हायचा. निकेश गॅरेजच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर मोबाइल बघत बसला होता. मधूनच मान वर करून म्हणाला, "आमची असती ना, तर इकली पन नसती. बाईसारखी सांभाळलीय एलूकाकांनी." मोशेला ते सांभाळणं झोंबलं. गाडी सांभाळली असेल, त्यात शंका नव्हती.

मग सर्व्हिसचं पुस्तक निघालं. डॅशबोर्डच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबरबँड. एलियाहू लहानपणीसुद्धा असाच होता, पतंगाचा मांजासुद्धा गुंडाळून डब्यात ठेवणारा. मिस्त्रीनं पानं उलटली आणि शीळ घातली. "हे बघा काका. बारा साली घेतली. पहिल्या चार वर्षांत नऊ हजार किलोमीटर. म्हणजे शोभेची गाडी. सोळाच्या जूनपासून एकोणीसच्या डिसेंबरपर्यंत, साडेतीन वर्षांत, एकतीस हजार. आणि तिथून आजपर्यंत, किती, अडीच हजार. हे गणित घरच्या गाडीचं नाही. ती मधली साडेतीन वर्षं ही भाड्यानं पळालीय. आणि भाड्यानं पळाली तर खांबाला कुणी दिली असेल यात नवल नाही." निकेशनं खुर्चीवरूनच "नाय नाय, भाड्यानं कुठं?" असं काहीतरी म्हटलं, पण गॅरेजमधे कुणीतरी हवा भरायची मशीन सुरू केली आणि त्याचं बोलणं त्यात गेलं, मोशेनं पुन्हा विचारलं नाही. त्याला विचारायचंच नव्हतं. सोळाचा जून, एकोणीसचा डिसेंबर. हे दोन महिने त्याला कुणी पुस्तकात दाखवायची गरज नव्हती. सोळाच्या जूनमधे एलियाहू आईला उलव्याला घेऊन गेला आणि एकोणीसच्या डिसेंबरमधे आई गेली.

त्याआधी आई, हेप्झिबा, मोशेकडेच होती, पनवेलला, तळ्याजवळच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे हळूहळू बंद होत गेले, पण घरात ती कुणाचा हात धरत नसे. प्रत्येक दाराशी तिचा उजवा हात वर जायचा, चौकटीवरच्या मेझुझाला टेकायचा, आणि मग बोटं ओठांना. मेझुझा म्हणजे बोटभर नळी, आत देवाच्या वचनांचं चामड्याचं भेंडोळं. उजव्या चौकटीला तिरकी ठोकलेली. आत जाताना, बाहेर पडताना तिला हात लावायचा, हे आमच्यात मूल चालायला लागलं की शिकतं असं आई सांगायची. "मला डोळे कशाला हवेत," ती म्हणायची, "दार कुठं आहे ते दारच सांगतं." त्या मे महिन्यात ती जिन्यात पडली. कंबर मोडली नाही हेच नशीब. एलियाहू आला, म्हणाला, दोन महिने माझ्याकडे राहू दे, लिफ्ट आहे. दोन महिन्यांचे चार झाले. मोशे आणायला गेला तेव्हा एलियाहू सातव्या मजल्यावरच्या त्याच्या त्या चकचकीत दारात उभा राहिला आणि म्हणाला, डॉक्टर जिने चढू नका म्हणतात दादा, तू का ऐकत नाहीस. आत आई बसली होती, बाहेर चारी बाजूंना अर्धवट इमारती, क्रेन, ओळखीचा एक आवाज नाही, मासळीवालीची हाक नाही, आपल्या सिनेगॉगमधला एक माणूस नाही. मोशे तेव्हा जे बोलला ते त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. आईला तू पेटीत बंद केलंयस, असं तो म्हणाला. आणि निघताना म्हणाला, "आजपासून माझ्या दाराला हात लावायचा नाही." दुसऱ्या कुणाला हे एक साधं भांडणातलं वाक्य वाटलं असतं. एलियाहूचा चेहरा पांढरा पडला. त्यानंतर मोशे उलव्याला तीनदा गेला, एलियाहू कामावर असेल अशी वेळ साधून, आणि मग गेला नाही. का गेला नाही? बस सरळ नव्हती. ऊन होतं. रेबेकाची तब्येत होती. ही कारणं त्यानं इतक्या वेळा हाताळली होती की त्यांच्या कडा बोथट झाल्या होत्या, आणि सगळ्यात शेवटचं, सगळ्यात सोयीचं कारण होतं एलियाहू.

फोन मात्र यायचा. शुक्रवारी दुपारी, शब्बाथ लागायच्या आधी, आईचा. कशी आहेस विचारलं की "मजेत" म्हणायची, आणि मोशे त्या मजेतच्या मागे दबलेलं रडू ऐकायचा, बहुधा नसलेलं. शेवटी शेवटी तिचं डोकं चालेनासं झालं असं त्यानं धरलं होतं, कारण ती असंबद्ध बोलायची. एकदा म्हणाली, "रेबेकानं काल बोंबील तळले का रे?" खरोखरच आदल्या संध्याकाळी तळले होते, पण योगायोग. एकदा म्हणाली, "परवा दिवा फार उशिरा लागला तुमच्याकडे. काय झालं होतं?" मोशेनं रेबेकाकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवलं होतं. आणि रात्री अंथरुणावर त्याला एलियाहूचा असा राग आला होता की छातीत दुखायला लागलं. एकटी ठेवून ठेवून म्हातारीचं मन फिरवलं यानं. आता त्या रागाला एकतीस हजार किलोमीटरचा पुरावा मिळाला होता. आंधळ्या आईला सातव्या मजल्यावर कडीत ठेवून हा गाडी भाड्यानं फिरवत होता. कॉन्ट्रॅक्टरकडची नोकरी सुटली होती त्याची तेव्हा, मोशेनं ऐकलं होतं. सगळं जुळत होतं. इतकं नीट जुळलेलं हिशेबाचं पान बाजारात समोर आलं असतं तर मोशे निरीक्षकाला पहिला संशय त्याच्यावरच आला असता, पण माणूस दुसऱ्याचा काटा तपासतो तसा आपला तपासत नाही.

"चालवून बघू," मिस्त्री म्हणाला. "नेऱ्याच्या रस्त्याला खड्डे आहेत, सस्पेन्शन कळेल." मिस्त्री चालवायला, निकेश त्याच्या शेजारी, मोशे मागे. मागच्या सीटवर बसताना त्याला गाडीत आईचा काही वास येतो का, असा एक बावळट विचार शिवून गेला. आला तो धुतलेल्या कापडाचा आणि उन्हानं तापलेल्या प्लास्टिकचा. गाव मागे पडलं, उजवीकडे डोंगर जवळ आले, शेतांत वाल फुलला होता, मधेच कुणाच्यातरी फार्महाउसचं अवाढव्य फाटक. खड्ड्यांतून गाडी गुमान गेली. मिस्त्रीनं दोन्ही हात सोडले, गाडी नाकासमोर. करकचून ब्रेक दाबला; जागच्या जागी. "विचित्र आहे," तो म्हणाला. "ज्या गाडीचा पिलर बसलाय ती एका बाजूला ओढते. ही ओढत नाही. इंजिन एकदम कोवळं. भाड्याच्या गाडीचा क्लच असा नसतो काका, तो शहरात अर्धा दाबून दाबून संपतो. ही एकाच रस्त्यानं, एकाच सवयीनं चाललेली गाडी आहे." हे बोलताना त्याच्या आवाजात जी कौतुकाची छटा आली ती मोशेला सहन झाली नाही. "पण खांबाचं काय?" तो जवळजवळ ओरडला. मिस्त्रीनं आरशातून त्याच्याकडे बघितलं आणि नेऱ्याच्या अलीकडे, चिंचेखाली गाडी उभी केली.

उतरून त्यानं खिशातून सुती फडक्यात गुंडाळलेलं एक लोहचुंबक काढलं. पुढचं डावं दार उघडून ते खांबावर लावलं. चुंबक टकदिशी चिकटलं. वर लावलं, खाली लावलं, त्या मंद जागेवर लावलं, सगळीकडे तसंच. "पुट्टी नाही. ठोकून काढली असती तर रंगाखाली पुट्टी भरलेली असती, चुंबक घसरलं असतं. मी चुकलो. पिलर एकदम ओरिजिनल आहे." तो डोकं खाजवत राहिला. "मग हे काय? बाहेरून लागलेलं नाही. कुणी घासलंय म्हणावं तर एवढीच जागा कशाला घासेल? आणि इथं बघा, मधे या बारीक रेघा, धातूच्या. पॉलिशनं जाईल म्हणा. पाच मिनिटांचं काम." तो खालून तेल गळतंय का बघायला चाकाशी गुडघे टेकून वाकला. मोशे पुढे झाला. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, जसा तो बाजारात वजन बघताना सरकवायचा, आणि चार इंचांवरून त्या जागेकडे बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यानं गाडी बघितली. तोवर तो भावाला बघत होता.

वजन दोन तऱ्हांनी कमी होतं. एक म्हणजे कुणीतरी कानस मारून. मग त्याची कड उठते, ती तोडलेली दिसते, बोटाला लागते. आणि दुसरं म्हणजे हाताळून. वर्षानुवर्षं तेच बोट, त्याच जागी; मग कड अशी राहतच नाही, झिजलेलं कुठं संपतं आणि न झिजलेलं कुठं सुरू होतं ते सांगता येत नाही. पहिल्या तऱ्हेला खटला. दुसऱ्या तऱ्हेला तो नुसतं वजन बदलून घ्या म्हणायचा, आणि जुनं वजन परत देताना का कोण जाणे दोन्ही हातांनी द्यायचा. समोरच्या चंदेरी रंगाला कड नव्हती. मधे सर्वांत मंद, आणि बाहेर जाता जाता हळूहळू चकाकी परत येत गेलेली. चार बोटांची रुंदी. आणि त्या धातूच्या रेघा सगळीकडे नव्हत्या. डावीकडून मोजलं तर तिसऱ्या बोटाच्या जागी होत्या, तिथंच, फक्त तिथं. तिसऱ्या बोटात वेढं घालतात. बाबांनी लग्नात घातलेलं सोन्याचं वेढं, बारीक होत गेलेल्या बोटातून घसरू नये म्हणून आईनं आतून दोरा गुंडाळलेला होता. मोशे बाहेर उभा होता, गाडीकडे तोंड करून, आत बसायला निघाल्यासारखा. त्याच्या डाव्या हाताला दार होतं. उजव्या हाताला तो खांब होता. उजवी चौकट. त्याचा हात वर गेला, त्याला विचारून गेला नाही, आणि चारही बोटं त्या जागेवर बसली, एखाद्या जुन्या उंबऱ्यावर पाऊल बसावं तशी. मग ती बोटं ओठांना आली तेव्हा त्याला कळलं की आपण काय केलं, आणि कुणी केलं होतं, आणि किती वेळा.

त्याला एकदम एस.टी. आठवली. तो सातवीत असेल, आई अलिबागच्या गाडीत चढताना दाराच्या दांडीला हात लावून बोटं ओठांना नेताना कंडक्टरनं बघितलं होतं आणि म्हणाला होता, "या बाई, बिनघोर या, गाडी वेळेवर पोचते." तो आणि एलू पनवेल सुटेपर्यंत हसत होते. आई चिडली नव्हती. हाताला काय कळतं रे, म्हणाली होती, दार दिसलं की तो जातो. आणि नंतर डोळे गेल्यावर तर सगळ्या जगाला दारंच उरली असणार, आणि प्रत्येक दाराला उजवी चौकट. एक-दोनदा हात लागून रंग झिजत नाही. महिनाभर लावूनही झिजत नाही. मोशेला झिजेचं गणित येत होतं, तेच तर त्याला आयुष्यभर येत होतं. पेटीत बंद केलेल्या बाईचा हात गाडीच्या खांबावर इतक्या वेळा लागत नाही. तो तसाच पुढच्या सीटच्या काठावर, पाय बाहेर सोडून बसला. शरम वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी. निकेशनं जवळ येऊन विचारलं, "काका, पानी देऊ?"

"निकेश, आजी या गाडीत बसायची?"

"बसायची म्हंजे?" निकेशला प्रश्नच कळला नाही. "रोजच्या रोज. तुमचा तो शुक्रवार-शनवार सोडून. पाच वाजले का एलूकाका आजीला खाली आनायचे. आमची आय गेटवर बसायची ना, ती म्हनायची, बगा, शिकलेली मानसं पन आपल्यासारखीच, आजी बसन्याआदी गाडीच्या पाया पडते. मंग आयनं पन आमच्या टेम्पोला सुरू केलं."

"कुठं जायचे?"

निकेश त्याच्याकडे बघत राहिला. "पनवेललाच ना. तुमच्याकडं." मग मोशेचा चेहरा बघून त्याला काहीतरी उमगलं असावं. "आमाला तसंच वाटायचं, काका," तो हळू म्हणाला.

मिस्त्री गाडीखालून निघाला, हात पुसले, आणि म्हणाला की गाडीत एक पैशाचा दोष नाही, डोळे मिटून घ्या. आणि गॅरेजला गेल्यावर तेवढा डाग घालवून देतो. "नको," मोशे म्हणाला. मिस्त्रीला वाटलं पैशांचा प्रश्न आहे. फुकट, म्हणाला. "नको म्हणतोय ना. त्या जागेला फडकंसुद्धा लावायचं नाही." आवाज नको तितका चढला. परतताना तो पुढे, डावीकडे बसला. मिस्त्रीला गॅरेजशी सोडून निकेशनं चाक हातात घेतलं आणि विचारलं, घरी सोडू का. रस्ता सांगायची वेळ आलीच नाही. बाजारातून डावीकडे, मग मशिदीवरून, मग तळ्याच्या कडेनं, गाडीला सवय असावी तशी ती चालली. तळ्याच्या कठड्याला नेहमीच्या चार गाड्या उभ्या होत्या. रोज संध्याकाळी तिथं गाड्या असतात, लोक वारा खायला येतात. मोशे तीस वर्षं तिसऱ्या मजल्यावरून त्यांची टपं बघत आला होता आणि एकदाही वाकून आत कोण आहे ते बघितलं नव्हतं. "इथंच थांबव," तो म्हणाला. निकेश चहा पिऊन येतो म्हणून शहाण्यासारखा टपरीकडे निघून गेला. काच खाली करताच तळ्याचा ओलसर वास आला, कुणाच्यातरी घरचा तळणीचा आला, मासळी आवरून निघालेल्या बायकांचं मोठमोठ्यानं बोलणं आलं. पनवेल सगळं काचेतून आत आलं. डोकं किंचित बाहेर काढलं की त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. सवासहा झाले होते. खिडकी काळोखी होती.

निकेशनं दिलेला नंबर त्यानं लावला. तिकडे दुपार असणार. बराच वेळ वाजला आणि मग पाच वर्षांनी तो आवाज आला, थोडा जाड झालेला. "दादा?" मोशेनं वाक्यं तयार केली होती, ती सगळी गेली. "गाडी बघितली," तो म्हणाला. "घेतो." आणि लगेच पुढे म्हणाला, "मिस्त्री म्हणत होता भाड्यानं पळालीय." आणि मग, कारण एवढं सांगितल्याशिवाय त्याला राहवेना, "मीसुद्धा तेच म्हटलं, एलू. मी तसंच धरलं होतं." एलियाहू हसला की खोकला ते कळलं नाही. "आईची शपथ होती रे," तो म्हणाला. "दादाला सांगू नकोस म्हणाली. सांगितलंस तर तो खाली येईल आणि तुम्ही दोघं रस्त्यावर भांडाल, तळ्यावरची माणसं बघतील. आणि वर यायचं तर तू... दाराचं तू म्हणाला होतास." मोशेनं डोळे मिटले. "तिला दिसत तर काही नव्हतं," तो कसाबसा म्हणाला, "मग इथं येऊन करायची काय?"

"बसायची. वास घ्यायची. कोण काय तळतंय ते सांगायची मला. आणि एकच विचारायची सारखं, मोशेकडे दिवा लागला का. लागला म्हटलं की चल म्हणायची. लागेपर्यंत हलू द्यायची नाही. एकदा तुम्ही कुठं लग्नाला गेला होतात वाटतं, साडेनऊपर्यंत बसलो होतो दोघं. मी म्हटलं, आई, खोटंच सांगतो, लागला. तर म्हणाली, तू खोटं बोललास की मला कळतं."

मोशे रडत होता. लपवण्यासारखं काही नव्हतं, चष्मा मांडीवर पडला होता. कठड्यावरची दोन म्हातारी माणसं वळून गाडीत बघायला लागली तरी त्यानं काच वर केली नाही. फोनमधून एलियाहूच्या मागे कुणाची तरी परकी भाषा ऐकू येत होती, भांडी वाजत होती. दोघांपैकी कुणी फोन ठेवत नव्हतं. मग एलियाहूनं विचारलं, "तू कुठं आहेस आत्ता?"

"खाली. तळ्यावर. गाडीत."

"कुठल्या बाजूला बसलायस?"

"डावीकडे."

"दिवा लागला का, दादा?" एलियाहूनं विचारलं.

मोशेनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि बाहेर वाकून वर बघितलं. खिडकी अजून काळोखी होती. रेबेका दुखरा गुडघा सांभाळत उठत असेल, भिंतीला धरून बटणापाशी येत असेल. "अजून नाही," तो म्हणाला. "थांब जरा. फोन ठेवू नकोस."